बुडालेल्या झाडांचे मासे

रूपलीबाईच्या जाळ्याला रोज भोके पडत. उंबरखोऱ्यात तिच्यावर पहिला संशय घेतला गेला तो या भोकांवरूनच.

उंबरखोरा म्हणजे नर्मदेच्या जलाशयाच्या काठी, मणिबेलीहून बोटीने वर तासाभराच्या अंतरावर उरलेला एकोणीस घरांचा पाडा. ‘उरलेला’ हा शब्द येथे विचार करून वापरला आहे. पाड्याचा खालचा भाग तीसएक वर्षांपूर्वीच पाण्यात गेला. उतारावरची शेते पुढे पाण्याची पातळी वाढवली गेली तेव्हा गेली. काही कुटुंबे वसाहतीत राहायला गेली, आणि जी गेली नाहीत ती डोंगर चढून वर बसली. नांगर धरणाऱ्या या माणसांना जाळे टाकायला शिकावे लागले. शिकताना त्यांनी एक रीतही घडवली. ज्याचे शेत जिथे बुडाले, त्याने जाळे तिथेच टाकायचे. जमिनीवरचा बांध त्यांनी सरळ वर उचलला आणि पाण्याच्या पृष्ठभागावर ठेवून दिला.

पाण्यावर रेघ ओढता येत नाही, म्हणून हे बांध नजरेने धरले जातात. अलीकडच्या काठावरचा शेंडा मोडलेला ताड आणि पलीकडच्या गुजरातच्या टेकडीतली खिंड एका रेषेत आली, की रूपलीबाईचे पाणी संपते आणि वाहरूचे सुरू होते. अशा खुणा दलसिंग वसावे यांना पाठ आहेत. ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. बुडण्यापूर्वी प्रत्येक बांधावरून चालून त्यांनी खुणा बांधल्या, आणि पाड्यात पाण्यावरून भांडण झाले की त्यांच्याच ओट्यासमोर पंच बसतात. नियम कठोर आहे. दुसऱ्याच्या पाण्यात जाळे टाकल्याचे ठरले, तर टाकणाऱ्याचे पाणी जाते. ते मग सर्वांना खुले होते.

रूपलीबाईचे वय साठीच्या आसपास असावे. पती जाऊन नऊ वर्षे झाली. मुलगा जान्या पावसाळा संपला की ऊसतोडीला गुजरातेत जातो आणि होळीच्या आधी परततो. वरच्या डोंगरउतारावरचा तिचा तुकडा चार महिने पुरेल एवढा मका देतो. बाकीचे आठ महिने ती पाण्यावर जगते. पाणी गेले असते, तर या वयात तिला मुलाच्या मागोमाग उसाच्या फडात जावे लागले असते. पाड्यातल्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत होती, आणि तिच्यावर आरोप करणाऱ्यालाही माहीत होती.

आरोप करणारा वाहरू हा तिच्या दिराचा मुलगा. दोघांची शेते एकाच उतारावर, शेजारी शेजारी होती, आणि आता दोघांचे पाणी शेजारी शेजारी आहे. पहिली तीन वर्षे वाहरूला मासे बरे मिळाले. चौथ्या वर्षी कमी झाले. सहाव्या वर्षी तो पहाटे जाळे काढी तेव्हा त्यात दोन-तीन बोटभर मासे आणि एखादी प्लास्टिकची पिशवी, एवढेच सापडू लागले. पन्नास हातांवर रूपलीबाई मात्र ढोपराएवढे रोहू बाहेर काढत होती.

अशा वेळी माणूस दोन प्रकारे विचार करू शकतो. माझ्याकडे का नाही, हा एक प्रश्न, आणि तिच्याकडे का आहे, हा दुसरा. वाहरूने दुसरा निवडला. तो सोपा असतो, कारण त्याच्या उत्तरात नेहमी एखादा माणूस सापडतो.

“काकी, रात्री तुझ्या डुंगीला पाय फुटतात की काय?” एके सकाळी त्याने काठावरूनच विचारले. डुंगी म्हणजे येथली लहान होडी.

“फुटले असते तर आधी तुला लाथ घातली असती,” जाळ्यातली काटकी सोडवत रूपलीबाई म्हणाली. “तोंड धुवून ये आधी.”

“जाळं कशानं फाटलं?”

“झाडाला अडकलं.”

“रोज?”

“झाड रोज तिथंच असतं रे बाबा. ते काही ऊसतोडीला जात नाही.”

काठावरची माणसे हसली. वाहरू हसला नाही. त्याच्या मते जाळे फाटते ते घाईने ओढल्यामुळे, आणि घाई त्यालाच असते जो दुसऱ्याच्या पाण्यातून ते ओढत असतो.

त्याने पाळत सुरू केली. जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्यांना तो पळसाच्या मुळाच्या तंतूची बारीक गाठ मारू लागला. कोणी जाळे उचलले असते तर ती तुटली असती. नऊ दिवस गाठी जशाच्या तशा राहिल्या. या नऊ दिवसांतून त्याने काढलेला निष्कर्ष नोंदवण्यासारखा आहे. त्याच्या मते काकीला गाठी सोडून पुन्हा तशाच बांधता येत होत्या. पुढे तो ताडाखाली बसून राहू लागला. त्याला ती कधीच बांध ओलांडताना दिसली नाही. तेव्हा तो म्हणू लागला, “मी बसतो हे तिला कळतं.” संशय एकदा पुरेसा वाढला की त्याला पुरावा लागत नाही. पुराव्याचा अभावसुद्धा तो आपल्याच बाजूने वळवतो.

दिवाळीनंतर त्याने पंच बसवले.

दलसिंगांच्या ओट्यासमोर तीसएक माणसे जमली. वाहरूने गाठींचे सांगितले, भोक पडलेल्या जाळ्याचे सांगितले, आणि शेवटी म्हणाला, “एकच उतार, एकच पाणी, माशाचं बीजही एकच. तिच्यात मासा आहे आणि माझ्यात नाही, हे कसं होईल? मासा काय माणूस बघून जातो?”

हा प्रश्न चुकीचा नव्हता. ज्यांच्या पाण्यातले मासे कमी झाले होते अशा सर्वांनी रूपलीबाईकडे पाहिले. त्या पाहण्यात आरोप होता, तसाच हिशेबही होता. तिचे पाणी खुले झाले, तर त्यात त्यांचाही हात पोहोचणार होता.

“बोल रूपली,” दलसिंग म्हणाले.

“मी काय बोलू? मी चोर आहे की नाही हे मी सांगून तुम्हाला पटणार आहे का?” ती उभीच होती. “पाणी बदला. पाच दिवस वाहरू माझ्या पाण्यात जाळं टाकेल, मी त्याच्या. त्याचं जाळं त्याच्याजवळ, माझं माझ्याजवळ.”

“ती पिठाचे गोळे टाकून मासा तिकडं ओढेल,” वाहरू लगेच म्हणाला.

“मग माझ्या डुंगीत माणूस बसव. हवं तर तुझी बायको बसव. तिच्याइतकं संशयी माणूस पाड्यात दुसरं नाही. तू काल कुठं होतास तेसुद्धा ती ओळखते.”

हशा पिकला. वाहरूची बायको ममता मागे उभी होती. तिने पदर सावरला आणि म्हणाली, “बसते. बघायचंच आहे मला.”

पाच दिवस ममता रूपलीबाईच्या डुंगीत बसली. पहिल्या दिवशी तिने डुंगीतली प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून पाहिली. पाण्याचा डबा, विडीचे बंडल, भाकरीचे फडके.

“भाकरी कशाला?”

“खायला. तुला वाटलं माशांना?”

“तुमचं काही सांगता येत नाही.”

“खा अर्धी. म्हणजे माशांना टाकायला उरणार नाही.”

ममताने ती खरोखर खाल्ली. जाळे टाकले गेले आणि पहाटे काढले गेले. वाहरूच्या पाण्यात पहिल्या दिवशी रूपलीबाईला काही मिळाले नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही नाही, चौथ्या दिवशी एक लहान मृगळ मिळाला. जाळे मात्र जसे टाकले तसे अखंड वर आले. रूपलीबाईने ते ममतासमोर उलगडून धरले.

“मोज भोकं.”

“एकही नाही.”

“खाली अडकायलाच काही नाही. तुझ्या सासऱ्यानं आणि नवऱ्यानं सगळं तोडून वर नेलं. तुझ्या घराचे खांब कसले आहेत?”

“सागाचे.”

“ते इथले,” रूपलीबाई पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली.

पन्नास हातांवर वाहरू शिव्या देत होता. त्याला मासे मिळत होते, पहिल्याच दिवशी सात रोहू मिळाले. पण जाळे जागोजागी फाटले होते, आणि चौथ्या दिवशी तर त्याचा एक अख्खा पट्टा पाण्यातल्या फांदीत अडकून तुटून गेला. ती भोके तो स्वतःच्या हातांनी विणत बसला. पाड्याने ते पाहिले.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. पातळी वाढणार हे समजले तेव्हा उतारावरच्या सर्वांनी आपापली झाडे तोडली. साग, सादडा, महू म्हणजे मोह, हाती लागेल ते वर नेले. ते शहाणपणाचेच होते. बुडणारे लाकूड घराला लागले तर वाईट काय? एकट्या रूपलीबाईने कुऱ्हाड लावू दिली नाही. त्यामागे वृक्षप्रेम होते असे समजून कोणी हळवे होऊ नये. झाडांची मोजणी होऊन भरपाई मिळेल, असे कोणीतरी येऊन सांगून गेले होते, आणि खोडांवर लाल रंगाने आकडे टाकले गेले होते. रूपलीबाईचा त्या माणसांवर विश्वास नव्हता. झाड तोडले तर ‘झाड नव्हतेच’ असे ती म्हणतील, अशी तिची खात्री होती. म्हणून तिने बावीस महू आणि अकरा साग उभे ठेवले, पुरावा म्हणून. मोजायला पुन्हा कोणी आले नाही. पाणी आले. तेव्हा पाडा तिला हसला होता आणि सर्वांत मोठ्याने वाहरू हसला होता. म्हणजे जी झाडे आता तिला अडचणीत आणत होती, तीही एका संशयानेच वाचवली होती.

पाचव्या दिवशी पंच पुन्हा बसले. मासे कोणाच्या जाळ्यात आले हे सर्वांनी पाहिले होते. चोरीचा आरोप त्यामुळे टिकत नव्हता. तरीही वाहरू मागे हटला नाही.

“जागेत काहीतरी केलंय तिनं,” तो म्हणाला. “काहीतरी पुरलंय.”

हे वाक्य धोक्याचे होते. चोरीचा आरोप तपासता येतो. ‘काहीतरी केलंय’ हा आरोप तपासता येत नाही, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रीविषयी तो उच्चारला गेला की तिला डाकीण ठरवून पुढे काय होऊ शकते हे डोंगरातल्या सर्वांना ठाऊक आहे. दलसिंगांनी हात वर करून त्याला थांबवले. पण रूपलीबाई तोवर पुढे आली होती. तिने वाहरूनेच आदल्या पहाटे तिच्या पाण्यातून काढलेला एक रोहू मागितला. ममताच्या हातात विळा दिला.

“तू चीर. मी चिरलं तर म्हणतील हातचलाखी केली.”

ममताने मासा चिरला आणि आतडे केळीच्या पानावर पसरले. ते गच्च भरलेले होते. हिरवट तपकिरी चिखल, आणि त्यात नखाएवढे कुजक्या लाकडाचे तंतू. नंतर वाहरूच्या पाण्यातला तो लहान मृगळ चिरला गेला. त्याचे आतडे जवळजवळ रिकामे होते, थोडी वाळू होती एवढेच.

“हे काय आहे?” रूपलीबाईने तपकिरी चिखलात बोट बुडवून वाहरूसमोर धरले. “वास घे.”

त्याने घेतला. “झाडाचा आहे.”

“महूचा. बुडालेल्या खोडावर शेवाळ धरतं, खोड कुजतं, तो गाळ आणि शेवाळ मासा खरवडून खातो. बघ त्याचं तोंड, खालच्या बाजूला ओठ कसे आहेत. खरवडायलाच केलेत. मी काही पुरलं नाही. तू जे उपटून नेलंस ते मी राहू दिलं, एवढंच.”

“पण पहिली तीन वर्षं माझ्यातही होतं.”

याला उत्तर दलसिंगांनी दिले, आणि ते देताना त्यांचा आवाज खाली गेला. “खालचा पाडा बुडाला तेव्हाही तसंच झालं होतं. पहिली पाच-सहा वर्षं मासा टोपलीनं काढायचो. आम्हाला वाटलं, नदीला आमची दया आली. गवत कुजत होतं, पाला कुजत होता, मुळं कुजत होती. ते संपलं आणि मासा संपला. तेव्हा आम्ही एकमेकांनाच चोर म्हणालो. तुझ्या बापानं माझ्यावर पंच बसवले होते, वाहरू. मीही त्याच्यावर बसवले होते.”

दलसिंग जे सांगत होते त्याला विज्ञानात वेगळी भाषा आहे. झाड सूर्याचा प्रकाश साठवते. पाने, खोड, मुळे ही त्या साठ्याची रूपे आहेत. साठा खाणाऱ्याला त्यातला फार थोडा भाग स्वतःच्या अंगी लागतो, ढोबळ मानाने दहावा हिस्सा, आणि बाकीचा त्याच्या जगण्यात, हालचालीत, उष्णतेत निघून जातो. त्याला खाणाऱ्याच्या वाट्याला त्या दहाव्याचा दहावा. म्हणून माशाच्या एका घासामागे झाडाचा केवढा तरी ढीग उभा असतो. पुन्हा, हा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. माती आणि पाणी फिरून परत येतात, पण खर्च झालेला प्रकाश परतत नाही. नवा प्रकाश रोज पडतो खरा, पण खोल पाण्यात तो वरच्या थरातच अडतो, आणि तळाशी आता काही उगवत नाही. उंबरखोऱ्याचे लोक गेली काही वर्षे मासे खात होते आणि विकत होते, असे आपण म्हणतो. त्याहून खरे हे, की ते आपले बुडालेले रान खात होते, आणि त्याचा अगदी शेवटचा, बारीक हिस्सा त्यांच्या हाती येत होता. हे समजून घेण्याऐवजी ते एकमेकांच्या दोऱ्यांच्या गाठी मोजत राहिले. ज्यांनी पातळी वाढवली, त्यांनी असे कोणते गणित या लोकांना समजावून दिल्याचे कोणाला आठवत नाही.

दलसिंगांनी निर्णय दिला. रूपलीबाईचे पाणी रूपलीबाईचेच. वाहरूने तिचे जाळे सांधून द्यायचे.

वाहरू उठला, पण गेला नाही. “काकी,” तो म्हणाला, “तुझी झाडं किती वर्षं पुरतील?”

प्रश्न साधा होता, पण सगळी बैठक पुन्हा वळली. रूपलीबाईने तिच्या पाण्यातून जाळ्यात अडकून आलेला मनगटाएवढा एक लाकडाचा तुकडा ओट्यावर ठेवला होता, तो उचलला. बोटांनी दाबला. भिजलेल्या भाकरीसारखा तो विस्कटला.

“फांद्या गेल्या,” ती म्हणाली. “खोडं अजून चार पावसाळे. सागाची थोडी जास्त. मग तुझ्या पाण्यात आणि माझ्या पाण्यात काही फरक राहणार नाही.”

“खरं सांगतेस, की मला टाळायला?”

“खाली उतरून बघून ये.”



त्यानंतर तिने जे सुचवले ते पंचांचा निर्णय नव्हता, म्हणून कोणावर बंधनकारकही नव्हते. मक्याचे धांडे आणि तुरीच्या काड्या मोळ्या बांधून, दगड लावून, ज्याने त्याने आपल्या पाण्यात उथळ जागी सोडाव्यात. दोन महिन्यांत त्यांवर शेवाळ धरेल. झाडाएवढे ते टिकणार नाही आणि दरवर्षी पुन्हा टाकावे लागेल. पण काहीच न टाकता मासा मागणे आता चालणार नाही.

ममताने तिथेच आक्षेप घेतला. “धांडे पाण्यात टाकले तर बैल काय खाईल? मासा?”

“थोडं बैलाला, थोडं माशाला.”

“आणि चुलीला?”

एकाच उताराच्या पिकावर बैल, चूल आणि पाणी यांनी हक्क सांगितला, तर कोणाला तरी कमी मिळणारच, आणि ते कोणाला मिळावे हा प्रश्न विज्ञान सोडवत नाही. तो ओट्यावर बसूनच सोडवावा लागतो.

सहा घरांनी त्या हिवाळ्यात मोळ्या सोडल्या. वाहरूने सोडल्या नाहीत. बैलाच्या तोंडचे काढून काकीच्या सांगण्यावरून पाण्यात टाकायला आपण वेडे नाही, असे तो सगळीकडे सांगत होता. हा सगळा डाव आपल्या बैलाला उपाशी मारायचा आहे, असेही तो एक-दोनदा म्हणाला.

माघाच्या शेवटी एका पहाटे रूपलीबाई जाळे काढायला निघाली तेव्हा धुके पाण्यावर उतरलेले होते. तिला लाकडावर दगड आपटल्याचा आवाज आला. तिने वल्हे उचलून धरले आणि डुंगी वाहू दिली. धुक्यात वाहरूची होडी होती. तो एकटाच होता. होडीत धांड्यांच्या मोळ्या रचलेल्या होत्या, आणि तो एकेका मोळीला दगड बांधून, बांधलेल्या दोरीवर पळसाच्या तंतूची ती ओळखीची बारीक गाठ मारून, हळूच पाण्यात सोडत होता.

तिने हाक मारली नाही. आधी मान वळवून काठावरचा ताड पाहिला. मग पलीकडची खिंड शोधली. धुक्यामुळे ती दिसत नव्हती. तिने वाट पाहिली. उजेड थोडा वाढला, टेकडीची कड उघडी झाली, खिंड दिसली, आणि तिने ताड व खिंड एका रेषेत आणून त्या रेषेवर वाहरूची होडी ताडून पाहिली. तो त्याच्याच बाजूला होता. दोन हात आत.

तरीही शेवटची मोळी पाण्यात जाईपर्यंत ती हलली नाही.